उन्हाळ्याची कामे हिवाळ्यात ठरतात : घरमालक संघटनांच्या मंडळांसाठी देखभालीचे नियोजन

अमेरिकेत घर घेताना ज्या असंख्य कागदांवर सह्या होतात, त्यांत घरमालक संघटनेचे, म्हणजेच ‘एचओए’चे, नियमही असतात. त्या घाईत ते क्वचितच कोणी वाचतो. काही वर्षांनी संचालक मंडळात एखादी जागा रिकामी होते, शेजारी आग्रह करतात, आणि दिवसभर सॉफ्टवेअर, औषधनिर्मिती किंवा बँकिंगमध्ये काम करणारी व्यक्ती संध्याकाळी छपरे, रस्ते, पोहण्याचा तलाव आणि झाडे यांची विश्वस्त होऊन बसते. कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत अशा साडेतीन लाखांहून अधिक संघटना असून त्यांच्या कक्षेत सुमारे साडेसात कोटी लोक राहतात. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सस या राज्यांतील मराठी कुटुंबेही त्यांत मोठ्या संख्येने आहेत आणि मंडळांवर मराठी नावे दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही.

मंडळाचे काम बहुधा विनावेतन असते. जबाबदारी मात्र कायदेशीर असते. या जबाबदारीची कसोटी वर्षातून एकदा, उन्हाळ्यात लागते. मोठी दुरुस्ती याच काळात होते, मुले याच काळात तलावावर असतात, आणि वादळे व वणवे यांचाही हाच हंगाम. मे महिन्यात जागे होणाऱ्या मंडळाच्या हाती मात्र फारसे काही उरलेले नसते, कारण चांगल्या कंत्राटदारांच्या तारखा तोवर भरलेल्या असतात.

मुदत निसर्ग ठरवतो

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत वाढलेल्यांना हे गणित नवे नाही. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग व्हायला हवे, पन्हळी साफ व्हायला हव्यात, बाहेरच्या भिंतींच्या भेगा बुजायला हव्यात, हे तिथल्या प्रत्येक सेक्रेटरीला ठाऊक असते. पहिला पाऊस ही तिथली अंतिम मुदत. अमेरिकेत ही मुदत प्रदेशागणिक बदलते. न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स येथे ती असते पहिली कडाक्याची थंडी. फ्लोरिडा आणि आखाती किनाऱ्यावर ती असते १ जून, कारण अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मोजला जातो. कॅलिफोर्नियात ती असते कोरडे गवत पेट घेण्याजोगे होण्याची वेळ.

कामांनाही स्वतःचे हवामान लागते. डांबरी रस्त्यावरील सीलकोट नीट धरण्यासाठी दिवसा-रात्री तापमान साधारण ५० अंश फॅरनहाइटच्या वर असावे लागते आणि लेप वाळेपर्यंत पाऊस नको असतो. उत्तरेकडील राज्यांत गरम डांबर तयार करणारे बरेच कारखाने हिवाळ्यात बंदच असतात. छपराच्या डांबरी शिंगल्सखालची चिकट पट्टी उन्हाच्या उबेने एकमेकींना धरते. म्हणजे कामाच्या खिडकीत चार-पाच महिनेच असतात, आणि त्याच खिडकीसाठी आसपासच्या साऱ्या वसाहती एकाच वेळी रांगेत उभ्या असतात.

वर्षाचे वेळापत्रक

उत्तरेकडील वसाहतीसाठी पुढील क्रम व्यवहार्य ठरतो. दक्षिणेत तो महिना-दीड महिना अलीकडे ओढावा.

जानेवारी–फेब्रुवारी : मागील वर्षाची अपूर्ण कामे, रहिवाशांच्या तक्रारी आणि रिझर्व्ह स्टडी एकत्र ठेवून कामांची यादी करावी. प्रत्येक कामाची व्याप्ती लेखी असावी. ‘रस्ता दुरुस्त करणे’ ही व्याप्ती नव्हे. किती चौरस फूट, किती इंच खोदाई, भेगा भरण्याचे काम धरून की वगळून, हे लिहिले तरच तीन कोटेशनांची तुलना होऊ शकते.

मार्च : कोटेशने मागवावीत, संदर्भ तपासावेत, मंडळाच्या सभेत ठराव करून कंत्राटे द्यावीत.

एप्रिल : हिवाळ्याने केलेले नुकसान पाहण्यासाठी प्रत्यक्ष पाहणी करावी. तलावाचे परवाने, पाणी फवारणी यंत्रणा आणि खेळाचे मैदान यांची तपासणी उरकावी.

मे : मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेला बहुतेक तलाव उघडतात. त्याआधी रहिवाशांना कामांच्या तारखा कळवाव्यात.

जून–ऑगस्ट : छपरे, रस्ते, रंगकाम, काँक्रीट ही मोठी कामे करावीत. दर दोन आठवड्यांनी प्रगतीची नोंद घ्यावी.

सप्टेंबर : सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेनंतर, तलाव बंद होतात. झालेल्या कामांची तपासणी, हमीपत्रे आणि अंतिम देयके यांसाठी हा महिना राखावा. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाची सुरुवातही येथूनच होते.

पाहणी : काय पाहावे

पाहणीला मंडळाचे किमान दोन सदस्य, व्यवस्थापक आणि शक्य असल्यास कंत्राटदार किंवा अभियंता असावा. प्रत्येक दोषाचे छायाचित्र, जागा आणि तारीख नोंदवावी. दरवर्षी त्याच कोनातून काढलेली छायाचित्रे भेग वाढते आहे की नाही हे सांगतात. आठवण हे सांगू शकत नाही.

छप्पर आणि पाणी. घराचा पहिला शत्रू पाणी. पन्हळी आणि डाउनस्पाउट मोकळे आहेत का, पाणी पायापासून दूर पडते का, हे पहिल्यांदा पाहावे. निवासी बांधकामाच्या प्रचलित संहितेनुसार पायालगतच्या जमिनीला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार अपेक्षित असतो. बागकामात माती आणि मल्चचे थर चढत जातात आणि हा उतार वर्षानुवर्षांत नकळत उलटा होतो. तळघरात ओल आली की दोष भिंतीला दिला जातो; मूळ बहुधा बाहेरच्या वाफ्यात असते.

बाल्कन्या आणि लाकडी डेक. वरून चकचकीत दिसणारी बाल्कनी आतून कुजलेली असू शकते. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका अपार्टमेंट इमारतीची बाल्कनी कोसळून ६ तरुणांचा मृत्यू झाला आणि ७ जण जखमी झाले. पाणी मुरून आतील लाकूड कुजले होते. यानंतर कॅलिफोर्नियाने जे कायदे केले, त्यांतील २०१९ चा कायदा काँडोमिनियम संघटनांना लागू होतो. तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींतील, जमिनीपासून ६ फुटांहून उंच आणि लाकडाच्या आधारावर बाहेर आलेल्या बाल्कन्या, जिने व मार्गिका यांची पाहणी अभियंत्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून दर ९ वर्षांनी करून घेणे बंधनकारक आहे. पहिल्या पाहणीची मुदत १ जानेवारी २०२५ होती. अन्य राज्यांत अशी सक्ती नसली, तरी रेलिंग हलते का, डेकचा भिंतीशी असलेला जोड गंजला आहे का, हे उन्हाळी स्नेहभोजनांची गर्दी जमण्याआधी पाहणे शहाणपणाचे आहे.

रस्ते आणि पदपथ. डांबरी रस्त्यात आधी केसासारखी भेग पडते, तीतून पाणी खाली जाते, हिवाळ्यात ते गोठून फुगते आणि वसंतात खड्डा दिसतो. म्हणून क्रम ठरलेला आहे : आधी भेगा भरणे, मग खड्डे, शेवटी सीलकोट. सीलकोट हा संरक्षक लेप आहे. खचलेल्या रस्त्यावर तो फासणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर रंग चढवणे होय. पदपथाच्या दोन लाद्यांतील उंचीचा फरक हे ठेच लागून पडण्याचे आणि विमादाव्यांचे नेहमीचे कारण असते. तो घासून किंवा लादी उचलून दुरुस्त करणे तुलनेने स्वस्त असते.

तलाव. वसाहतीचा तलाव रहिवाशांपुरताच असला, तरी २००७ च्या व्हर्जिनिया ग्रॅम बेकर जलतरण तलाव सुरक्षा कायद्याच्या दृष्टीने तो ‘सार्वजनिक’ ठरतो. तळाच्या निचऱ्याच्या ओढीत शरीर किंवा केस अडकू नयेत, यासाठी प्रमाणित जाळ्या बसवणे या कायद्याने आवश्यक केले. या जाळ्यांना ठरावीक आयुष्य असते. ते संपण्याचे वर्ष मंडळाच्या यादीत असलेच पाहिजे. पाण्यातील मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम, हॉट टबमध्ये किमान ३ पीपीएम आणि पीएच ७.० ते ७.८ असावा, अशी सीडीसीची शिफारस आहे. सायन्युरिक आम्लयुक्त क्लोरीन वापरल्यास तलावातही किमान २ पीपीएम लागते. स्थानिक आरोग्य विभागाचे नियम याहून कडक असू शकतात. कुंपणाचे फाटक आपोआप मिटते आणि कडी आपोआप लागते का, हे दर आठवड्याला पाहावे. लहान मुलांच्या बाबतीत सर्वांत भरवशाचे साधन तेच.

झाडे आणि पाणी. छाटणी हे काम उन्हाळ्याच्या यादीत सर्रास पडते. ते बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या अखेरीस व्हायला हवे. वसंतात आणि उन्हाळ्यात झाडांवर घरटी असतात, आणि १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे विनापरवाना उद्ध्वस्त करणे गुन्हा ठरू शकते. टेक्ससमध्ये आणखी एक पथ्य आहे. ओक वृक्षांच्या घातक बुरशीजन्य रोगामुळे फेब्रुवारी ते जून या काळात ओकची छाटणी टाळावी, असे तेथील वनसेवा सांगते. फवारणी यंत्रणेचा पाणी उलट येऊ न देणारा झडप-संच अनेक शहरांत दरवर्षी प्रमाणित करून घ्यावा लागतो. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते बागेला दिल्या जाणाऱ्या पाण्यापैकी ५० टक्क्यांपर्यंत पाणी बाष्पीभवन, वारा आणि सदोष फवारणी यांत वाया जाते. त्यामुळे तुटलेला एक फवाराही बिलात दिसतो.

खेळाचे मैदान. घसरगुंडी आणि झोक्यांखालची लाकडी भुशाची गादी वापराने पातळ होते. तिची खोली मोजावी, अंदाज करू नये. भर उन्हात धातूचे आणि गडद प्लास्टिकचे पृष्ठभाग चटका देतात. सावलीची सोय हा म्हणूनच सुरक्षिततेचा भाग आहे.

कंत्राट : स्वस्त आणि महाग

सर्वांत कमी रकमेचे कोटेशन स्वीकारण्याआधी चार गोष्टी हाती असाव्यात : राज्याचा परवाना, दायित्व विमा आणि कामगार नुकसानभरपाई विमा यांची चालू प्रमाणपत्रे, त्या विम्यात संघटनेचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून, आणि हमीचा लेखी कालावधी. विमा नसलेल्या कंत्राटदाराचा कामगार छपरावरून पडला, तर दावा संघटनेच्या दाराशी येऊ शकतो.

दुसरा धोका कमी परिचित आहे. संघटनेने मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले, पण त्याने पोटकंत्राटदाराला किंवा साहित्य पुरवठादाराला दिले नाहीत, तर तो पुरवठादार अनेक राज्यांत मालमत्तेवर ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणजे बोजा चढवू शकतो. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर सर्व संबंधितांचे लीन वेव्हर घ्यावे आणि काही रक्कम काम तपासून होईपर्यंत राखून ठेवावी. मंडळातील कोणाचा कंत्राटदाराशी नातेसंबंध किंवा व्यवहार असेल, तर तो सभेत जाहीर करून त्या सदस्याने मतदानातून बाजूला राहावे. ओळखीतून काम देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. इथे ती न्यायालयात महागात पडते.

पैसा : राखीव निधीचे गणित

देखभालीचे पैसे दोन खिशांतून येतात. गवत कापणे, तलावाची रसायने, पन्हळींची सफाई हा चालू खर्च. छप्पर, रस्ता, तलावाचे अस्तर हा राखीव निधीचा खर्च. रिझर्व्ह स्टडी प्रत्येक घटकाचे एकूण आयुष्य, उरलेले आयुष्य आणि बदलण्याचा खर्च मांडते.

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. १२० घरांच्या वसाहतीत रस्ते नव्याने करण्यास २,४०,००० डॉलर लागणार आहेत. रस्त्याचे आयुष्य २० वर्षे, त्यांपैकी १२ सरली आहेत. आज निधीत १,४४,००० डॉलर असायला हवे होते. प्रत्यक्षात ७२,००० आहेत, म्हणजे निधी निम्माच भरला आहे. उरलेल्या ८ वर्षांत १,६८,००० डॉलर जमवायचे, तर दरवर्षी २१,००० लागतील. म्हणजे प्रत्येक घरामागे महिना १५ डॉलरहून थोडे कमी. हे आज केले नाही, तर आठव्या वर्षी प्रत्येक घराकडून एकरकमी १,४०० डॉलर मागावे लागतील. महागाई आणि व्याज या हिशोबात धरलेले नाही. पण निर्णयाचे स्वरूप कळण्यास एवढे पुरे. महिन्याचा आकार वाढवू नये असे वाटणारे मंडळ खर्च टाळत नाही, तो पुढच्या मालकाच्या नावे लिहिते.

महाराष्ट्रात हीच तरतूद आदर्श उपविधींत आहे. बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी घेण्याची, तसेच १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करण्याची अपेक्षा तेथे आहे.

पुढे ढकललेल्या कामाची किंमत

२४ जून २०२१ च्या पहाटे फ्लोरिडातील सर्फसाइड येथील चॅम्प्लेन टॉवर्स साउथ या १२ मजली निवासी इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ जणांचा मृत्यू झाला. सल्लागार अभियंत्याने २०१८ मध्येच तलावाच्या डेकखालील वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचे आणि त्यामुळे काँक्रीटची मोठी हानी होत असल्याचे लेखी कळवले होते. तेव्हाचा अंदाज ९० लाख डॉलरहून अधिक होता. खर्चावरून रहिवाशांत वाद झाले, काम लांबले, आणि एप्रिल २०२१ पर्यंत आकडा दीड कोटी डॉलरवर गेला. विशेष वर्गणी भरण्यास १ जुलैपासून सुरुवात होणार होती. इमारत त्याच्या एक आठवडा आधी पडली.

या दुर्घटनेचा दोष केवळ देखभालीवर टाकता येत नाही. राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या तपासात तलावाच्या डेकचे मूळ आरेखनच आवश्यकतेपेक्षा दुबळे असल्याचे आढळले. तरीही मंडळांसाठी धडा स्पष्ट आहे. धोक्याची लेखी सूचना मिळाल्यानंतर काळ मंडळाच्या बाजूने नसतो, आणि एकमत होण्याची वाट पाहणे हाही एक निर्णयच असतो.

त्यानंतर कायदे बदलले. फ्लोरिडात तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडो इमारतींची ३० व्या वर्षी, काही ठिकाणी २५ व्या वर्षी, आणि पुढे दर १० वर्षांनी संरचनात्मक तपासणी अनिवार्य झाली. न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये ठरावीक इमारतींच्या तपासणीचा आणि राखीव निधीच्या अभ्यासाचा कायदा केला. कॅलिफोर्नियात सामाईक घटकांची पाहणी करून दर ३ वर्षांनी रिझर्व्ह स्टडी करण्याचा नियम आधीपासूनच आहे. अनेक राज्यांत अशी सक्ती नाही. म्हणून मंडळाने आपल्या राज्याचा कायदा वकिलाकडून तपासून घ्यावा. बाजारपेठेचा दट्ट्या मात्र सर्वत्र सारखा आहे. गंभीर दुरुस्ती रखडलेल्या काँडो प्रकल्पांतील कर्जे विकत घेण्यास फॅनी मेने जानेवारी २०२२ पासून मनाई केली. अशा इमारतीतील घर विकायला काढले, की खरेदीदाराला कर्ज मिळणे अवघड होते.

नोंद हेच संरक्षण

प्रत्येक निर्णय अचूक ठरावा, अशी अपेक्षा कायदाही करत नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक वाद आला. वाळवीसाठी संपूर्ण इमारतीचे धुरीकरण करण्याऐवजी मंडळाने जागोजागी उपचार करण्याचा मार्ग निवडला होता आणि एका मालकाने त्याला आव्हान दिले होते. लॅमडेन खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. वाजवी चौकशी करून, सद्भावनेने आणि वसाहतीच्या हिताचा विचार करून मंडळाने आपल्या अधिकारात देखभालीचा निर्णय घेतला असेल, तर न्यायालय त्यात ढवळाढवळ करणार नाही, हे तत्त्व त्यातून ठळक झाले.

यातील ‘वाजवी चौकशी’ हे शब्द मोलाचे. ती झाली हे दाखवणार कोण? इतिवृत्त. कोणता अहवाल वाचला, किती कोटेशने पाहिली, कोणते काम यंदा घेतले, कोणते पुढे ढकलले आणि का, हे सभेच्या इतिवृत्तात आले पाहिजे. पुढे ढकललेल्या प्रत्येक कामापुढे नवी तारीख असावी. तारीख नसलेले काम पुढे ढकललेले नसते, विसरलेले असते.

रहिवाशांना पत्र पाठवतानाही हाच मोकळेपणा उपयोगी पडतो. ‘१० ते १४ जून, रस्ता बंद’ एवढीच सूचना राग आणते. काम का, किती खर्चाचे, गाड्या कुठे लावायच्या, वृद्ध किंवा अपंग रहिवाशांसाठी काय सोय आहे आणि अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, हे किमान दोन आठवडे आधी कळले तर तक्रारी घटू शकतात.

मंडळे बदलतात. नोकरी बदलून कोणी दुसऱ्या राज्यात जातो, कोणाची मुदत संपते. म्हणून सप्टेंबरमध्ये एक संच तयार करून ठेवावा : पाहणीची छायाचित्रे, कंत्राटे, हमीपत्रे व त्यांच्या अखेरच्या तारखा, लीन वेव्हर, तलावाच्या जाळ्यांचे वर्ष, रिझर्व्ह स्टडी आणि पुढे ढकललेल्या कामांची यादी. पुढच्या जानेवारीत टेबलाभोवती कोणीही बसलेले असो, त्यांच्या कामाची सुरुवात या संचापासून होईल.